बारा सुपाऱ्या : फोंडा तालुक्यातल्या एका वारसा-दस्ताचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दस्ताची भाषा, वाट्यांचा हिशेब आणि घडामोडींचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी कागद वाचून द्यायला बसू लागले. बँकेचं पत्र, मामलेदाराची नोटीस, नोटरीचा ड्राफ्ट, जे येईल ते. मी वकील नाही आणि सल्ला देत नाही. कागदात काय लिहिलं आहे ते मराठीत सांगते, आणि प्रश्न कायद्याचा निघाला की माझी एक जुनी विद्यार्थिनी फोंड्याला वकिली करते, तिच्याकडे पाठवते.

याची गरज का पडते, ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे हिंदू घरांत बोलणं कोकणीत आणि वाचणं मराठीत. पेपर मराठी, पोथी मराठी, देवळातल्या उत्सवाची पत्रिका मराठी. घराचा दस्त मात्र इंग्रजीत असतो आणि आजोबांच्या काळातला असेल तर पोर्तुगीजमध्ये. मराठीत कायद्याबद्दल जे लिहिलं जातं ते जवळजवळ सगळं महाराष्ट्रासाठी लिहिलेलं असतं : सातबारा, हक्कसोडपत्र, वारसनोंद, हिंदू उत्तराधिकार कायदा. म्हणजे गोव्यातला मराठी वाचक शेजारच्या राज्याचा कायदा स्वतःच्या भाषेत वाचतो आणि स्वतःचा कायदा परक्या भाषेत सही करून मोकळा होतो. या प्रकरणातला घोळ तिथूनच सुरू झाला.

कुटुंब असं. वडील मुंबईत नोकरी करून गावी परतले होते, २०२१ मध्ये वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आई, थोरला मुलगा, त्याच्या पाठची मुलगी आणि धाकटा मुलगा. थोरला बायको-मुलांसह गावच्या घरात राहतो, आईचं तोच बघतो. मुलगी डिचोलीला दिलेली, लग्नाची नोंदणी गोव्यातच झालेली. धाकटा अविवाहित, पुण्यात नोकरीला. मालमत्ता म्हणजे गावचं घर आणि त्याचं अंगण, घरामागे ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं कुळागर (सुपारीची बाग), आणि वडिलांनी नोकरीत असताना घेतलेली डोंबिवलीची एक खोली. सगळं वडिलांच्या एकट्याच्या नावावर.

अडचण

थोरल्याला घराची दुरुस्ती करून दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढायच्या होत्या. बँकेने कर्जासाठी मालकीचे कागद मागितले. दस्त लिहून देणाऱ्या एका माणसाने त्याला दोन कागदांचा ड्राफ्ट करून दिला. पहिला वारस कोण ते ठरवणारा, दुसरा बहीण-भावाने आपला हक्क सोडल्याचा. त्याच माणसाने त्याला समजावलं, "ही नुसती नाव कमी करायची सही असते."

थोरल्याने बहिणीला तेच सांगितलं. फोनवर त्याचे शब्द होते, "ताई, तूं फकत सय कर." तिचीही हरकत नव्हती. घर दादाचंच, आईला तोच सांभाळतो, आपण काय घरात वाटा मागायला जाणार, असं ती मला म्हणाली. तिला अडवलं ते ड्राफ्टमधल्या दोन गोष्टींनी. एक, तिच्या नावापुढे तिच्या नवऱ्याचं नाव होतं आणि त्यालाही सही करायची होती. दुसरं, आईच्या नावापुढे 'मॉयटी होल्डर' असा शब्द होता, तो तिला कुठेच सापडेना. डिक्शनरीत 'अर्धा भाग' मिळाला, पण कशाचा अर्धा ते कळेना. म्हणून तो ड्राफ्ट घेऊन ती एका रविवारी वाचनालयात माझ्याकडे आली.

तोवर घरात वातावरण तापलं होतं. जावयाची सही कशाला, या प्रश्नावर थोरला चिडला होता. बाबांची मिळकत, त्यात जावई कुठून आला? धाकट्याने पुण्याहून एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवला : सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्क दिला आहे, ताईने सही करू नये. थोरल्याचं त्यावर उत्तर होतं की पोर्तुगीज १९६१ला गेले, त्यांचा कायदा गेला, आता हिंदू कायदा, आणि हिंदू कायद्यात जावयाचा काही संबंध नाही. दोघेही मराठीत वाचलेल्या गोष्टी सांगत होते. हिंदू कायद्याबद्दल दोघांनीही वाचलेलं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि दोघांच्याही घराला ते लागू नव्हतं.

आधी या निवाड्यांचा आणि सालांचा उलगडा

त्या रविवारी मी ताईला जे सांगितलं ते थोडं सावकाश इथे मांडते, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

धाकट्याने पाठवलेला निवाडा खरा आहे. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, ११ ऑगस्ट २०२०. पण तो हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीबद्दल आहे. मुलगी जन्माने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखीच सहहिस्सेदार, मग वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, असं त्यात ठरलं. गोव्यातल्या आमच्यासारख्या कुटुंबांचा वारसा त्या कायद्याने चालतच नाही. इथे १८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून लागू झाली, आणि वडिलांच्या मागे मुलगा व मुलगी यांचे वाटे सारखे, हे तिच्यातच होतं. ताईला जो हक्क २०२० च्या निवाड्याने मिळाला असं धाकट्याला वाटत होतं, तो तिच्या पणजीलाही कागदावर होता. किती पणज्यांना तो प्रत्यक्ष मिळाला हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा.

पोर्तुगीज गेले म्हणून त्यांचा कायदा गेला, हेही खरं नाही. १९६२ मध्ये संसदेने गोवा, दमण आणि दीवच्या प्रशासनाचा कायदा केला. त्याच्या पाचव्या कलमाने, सक्षम विधिमंडळ किंवा अधिकारी बदल करीपर्यंत जुने कायदे चालू राहतील असं ठरवलं. खुद्द पोर्तुगालने ती संहिता १९६७ मध्ये बाजूला ठेवून नवी आणली, आणि जुनी इथे चालू राहिली. वारशापुरती तीही आता राहिलेली नाही. गोवा विधानसभेने वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी यांचा स्वतःचा कायदा केला. नावात २०१२ आहे, अंमल २०१६ च्या डिसेंबरपासून. वडील २०२१ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या वारशाला हा कायदा लागतो. तत्त्वं बहुतेक जुनीच आहेत.

तिसरा धागा डोंबिवलीचा. गोव्याच्या माणसाची गोव्याबाहेरची मिळकत कुठल्या कायद्याने जाईल, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर एका मुंबईतल्या मिळकतीवरून आला होता. जोसे पावलो कुतिन्हो यांच्या त्या खटल्यात १३ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने सांगितलं की गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची भारतात कुठेही असलेली मालमत्ता गोव्याच्याच वारसा कायद्याने जाते, आणि संसदेने चालू ठेवल्यामुळे हा कायदा आता परकीय राहिलेला नसून भारतीयच आहे. ड्राफ्टमध्ये डोंबिवलीचा उल्लेख नव्हता. थोरल्याच्या मनात ती खोली 'महाराष्ट्राची, वेगळी' होती.

भाषणांत 'गोव्यात समान नागरी कायदा आहे' हे वाक्य नेहमी ऐकू येतं. ते मी वाचनालयात जपून वापरते. १८८० च्या एका हुकूमनाम्याने इथल्या हिंदूंचे काही रिवाज राखून ठेवले होते, चर्चमधल्या विवाहांसाठी वेगळ्या तरतुदी होत्या, म्हणजे सरसकट समान असं ते कधीच नव्हतं. पण मुलगा-मुलगी सारखे, आणि नवरा-बायको अर्ध्या-अर्ध्याचे धनी, हे दोन खांब सगळ्यांना सारखेच आहेत.

पहिला निर्णय, आणि त्यात झालेली चूक

ताईने विचारलं, "बाई, या शब्दाला मराठीत काय लिहू? दादाला दाखवायचं आहे."

पोर्तुगीज दस्तांत या जागी 'मेएइरा' असतं, म्हणजे अर्ध्याची मालकीण. मला एक सुटसुटीत शब्द हवा होता. मी कागदावर लिहिलं : अर्धेली. आणि खाली स्पष्टीकरण म्हणून : 'आईला अर्धा वारसा.'

दोन्ही चुकलं. आपल्याकडे अर्धेली म्हणजे दुसऱ्याचं शेत निम्म्या पिकावर करणं. थोरल्याने तो शब्द वाचला आणि त्याला आठवलं कूळ. ज्या घराण्याची एखादी जमीन १९६४ च्या कूळ कायद्यात गेली आहे, त्या घरात हा शब्द किती खोल बोचतो याचा मला विसर पडला. त्याला वाटलं, आईला कागदावर कूळ करून ठेवतात आणि पुढे कोणीतरी हक्क सांगतो.

दुसरी चूक जास्त मोठी. आईला 'अर्धा वारसा' मिळत नाही. मुलं असताना ती नवऱ्याची वारस नसतेच. तिचा अर्धा लग्नाच्या दिवसापासून तिचा आहे. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एक होते : आधीची, नंतरची, कमावलेली, वारशाने आलेली. दस्त कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. नवरा गेला की ती अर्धी वेगळी होते, आणि उरलेली अर्धी, तेवढीच, वारसांत वाटली जाते. मी 'वारसा' हा शब्द घातल्याबरोबर थोरल्याने असं धरलं की सगळंच बाबांचं होतं आणि बाबांच्या मिळकतीतून आईला देणं हा उपकाराचा भाग आहे.

चूक आठवड्याने ताईच्या फोनवरून कळली. मी लगेच दुसरा कागद लिहायला बसले होते. मग थांबले. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द पाठवून हे सुटणार नव्हतं.

पुढचे पर्याय

त्या टप्प्यावर समोर काय काय होतं, ते वकील विद्यार्थिनीशी बोलून मी मांडलं.

ताईने ड्राफ्टवर सही करावी, हा सगळ्यात सोपा. यात 'हक्कसोड' या शब्दाचा फास होता. महाराष्ट्रातलं हक्कसोडपत्र बहीण एका मिळकतीपुरतं, एका भावाच्या नावे करून देते, अशी ताईची समजूत होती, आणि तिच्या मनात फक्त घर होतं. गोव्यात वारसा नाकारायचा तर सगळाच नाकारावा लागतो. थोडा ठेवून थोडा सोडता येत नाही, अट घालता येत नाही, आणि सोडलेला भाग एका आवडत्या भावाकडे न जाता उरलेल्या सगळ्या वारसांकडे जातो. एकालाच द्यायचा असेल तर तो कायद्याच्या नजरेत आधी स्वीकारून मग दिलेला ठरतो, त्याचा दस्त वेगळा. आणि एकदा केलेली सही मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. म्हणजे घरापुरती समजून केलेल्या सहीत कुळागर आणि डोंबिवलीही गेली असती.

दुसरा पर्याय दिवाणी न्यायालयातली इन्व्हेंटरी. हा शब्द ऐकून ताईला दुकानातल्या मालाची यादी आठवली, आणि ते फारसं चुकीचं नाही. कुटुंबातला एकजण सगळ्या मिळकतीची आणि देण्याची यादी न्यायालयाला देतो, किंमत ठरते, एकमत झालं तर त्याप्रमाणे, नाही तर वारसांच्या आपसातल्या बोलीने वाटे पडतात. वाट्यापेक्षा जास्त घेणाऱ्याने इतरांना पैसे भरून द्यायचे. भांडण पेटलेलं असेल तर हाच रस्ता. पण बोलीत ज्याच्या हातात रोकड तो जिंकतो. थोरल्याकडे ती नव्हती. तो राहत असलेलं घर बोलीवर चढण्याची शक्यता त्यालाच सर्वांत महाग पडली असती, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

तिसरा, वारसदस्त, म्हणजे वारस कोण ते ठरवणारा दस्त, करून घ्यायचा आणि वाटणी सगळ्यांच्या संमतीने दस्तानेच करायची. यात सगळे एकत्र बसणं भाग होतं.

चौथा म्हणजे काहीच न करणं. गोव्यात असंख्य घरांनी हाच निवडलेला आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा सातबारा) अजून पणजोबांचं नाव असलेली कुळागरं माझ्या पाहण्यात आहेत.

दुसरा निर्णय : फक्त ताईशी बोलायचं की सगळ्यांशी

कागद घेऊन आलेली व्यक्ती ताई. तिच्याशी बोलून मी थांबले असते तर माझ्या कामाच्या चौकटीत राहिले असते. पण माझ्या चुकीच्या शब्दाने घरात एक गैरसमज वाढला होता, आणि तो दुरुस्त करायला थोरल्याच्या डोळ्यांसमोर बोलणं आवश्यक होतं. मी ताईला विचारलं, तिने आईला विचारलं, आणि आईने ठरवलं. चतुर्थीला धाकटा येणारच होता. पाचवीला गणपती पोचवून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी मला घरी बोलावलं. वकील विद्यार्थिनीलाही मी सोबत नेलं, म्हणजे कायद्याचा प्रश्न आला की उत्तर तिचं.

ओसरीवर बसल्यावर मी आईला म्हटलं, घरच्या बारा सुपाऱ्या द्या.

त्या चौरंगावर ठेवल्या. ही सगळी मिळकत, घर, कुळागर, डोंबिवली धरून. सहा आईच्या बाजूला सरकवल्या. या आईच्या. बाबांकडून आलेल्या नव्हेत, आधीच्याच आहेत. थोरला म्हणाला, "पण आईने कुठे नोकरी केली?" आईच बोलली, कोकणीत, हळू. कुळागराला पाणी कोण सोडायचं आणि सुपारी कोण सोलायची, एवढंच तिने विचारलं. विद्यार्थिनीने कायद्याचं उत्तर दिलं : नोकरीचा संबंध नाही, लग्नाची नोंद पुरते.

उरलेल्या सहा बाबांच्या. तीन मुलं, दोन-दोन.

आता ताईच्या दोन सुपाऱ्या. त्या मी तिच्यापुढे ठेवल्या आणि एक वाटी मागवून त्यात टाकल्या. ही तिच्या संसाराची वाटी. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या लग्नात जे काही येतं ते या एकाच वाटीत पडतं. जावई सासऱ्याचा वारस नाही, त्याला बाबांकडून एकही सुपारी येत नाही. पण वाटीतून काही काढायचं तर वाटीच्या दोन्ही धन्यांची सही लागते. म्हणून ड्राफ्टमध्ये त्याचं नाव.

थोरला गप्प होता. मग मी दुसरी वाटी मागितली आणि थोरल्याच्या दोन सुपाऱ्या तिच्यात टाकल्या.

वहिनी दारात उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. तिने विचारलं, "म्हणजे त्या वाटीत मी पण?"

हो. तिचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं ज्या घरात ती राबली, त्यातल्या नवऱ्याच्या वाट्यात तिचाही अर्धा असणार, आणि बँक कर्जाच्या कागदावर तिची सही मागणार, हे तिला त्या क्षणापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. जावयाची सही नको म्हणायची तर तोच नियम बायकोच्या सहीलाही लागतो, हे मला उच्चारावं लागलं नाही. थोरल्याने ट्रे तिच्या हातून घेतला आणि तिला बसायला सांगितलं.

दोन अर्ध्यांचा गोंधळ

आईला आपला सगळा भाग थोरल्याला द्यायचा होता. ते ती मोकळेपणाने बोलली. इथे गोव्यातल्या कायद्यातला दुसरा अर्धा येतो, आणि लोक या दोन अर्ध्यांत हमखास अडकतात.

पहिला अर्धा लग्नाचा, तो वर आला. दुसरा मृत्युपत्राचा. मुलं असलेल्या माणसाला स्वतःच्या मिळकतीच्या निम्म्याच भागाचं मृत्युपत्र मनासारखं करता येतं. उरलेला निम्मा मुलांसाठी कायद्याने बांधलेला, तो मृत्युपत्राने हलवता येत नाही. पोर्तुगीजमध्ये त्याला लेजितिमा म्हणतात. मी आधी 'राखीव वाटा' म्हणत असे. आता 'बांधलेला' आणि 'मोकळा' असे दोन शब्द वापरते, कारण राखीव म्हटलं की लोकांना जागांचं आरक्षण आठवतं.

आईच्या सहा सुपाऱ्यांचे दोन भाग केले. तीन बांधलेल्या : आईच्या मागे तिघांना एक-एक. तीन मोकळ्या : आई म्हणेल त्याला. तिन्ही थोरल्याला दिल्या तर त्याच्याकडे एकूण सहा होतील, दोन बाबांकडच्या, एक बांधलेली आणि तीन मोकळ्या. ताई आणि धाकटा यांच्याकडे प्रत्येकी तीन. बेरीज बारा.

धाकट्याने सुपाऱ्या स्वतः पुन्हा मोजल्या. मग म्हणाला, "म्हणजे दादाला अर्धं मिळू शकतं, आणि आम्ही काहीच सोडायचं नाही?" आईने मनात आणलं तर, हो. वारसा नाकारायचा तो दस्त ज्या गोष्टीसाठी करायचा होता, तिचा मोठा भाग आईच्या मृत्युपत्रानेही साधत होता, आणि कोणाची न फिरणारी सही न घेता. ताईने त्याच दिवशी हक्क सोडायचा ड्राफ्ट दादाकडे परत दिला.

काय केलं

पहिल्यांदा आई-बाबांच्या लग्नाच्या नोंदीचा उतारा काढला. लग्नाआधी वेगळा करार नव्हता, हे कागदावर बघून घेतलं. खरं तर सुपाऱ्या मांडण्याआधीच हा उतारा मागायला हवा होता. करार निघाला असता तर माझी सगळी मांडणी कोसळली असती.

मग सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात, विशेष नोटरीसमोर, वारसदस्त झाला. आई अर्ध्याची मालकीण, तीन मुलं वारस, दोघांचे जोडीदार त्यांच्या-त्यांच्या वाटीचे धनी. त्यानंतर वाटणीचा दस्त. घर-अंगण आई आणि थोरल्याकडे. कुळागराचा ओढ्याकडचा तुकडा ताईकडे, बाकीचं आईकडे. डोंबिवलीची खोली धाकट्याकडे. किमतींतला फरक रोखीने, दोन हप्त्यांत.

या दस्तात एक गोष्ट वकिलांच्या पहिल्या मसुद्यात नव्हती आणि ती आईने घालायला लावली : पाणी. कुळागराचा पाट वरून खाली येतो. वरचा भाग एकाचा आणि ओढ्याकडचा दुसऱ्याचा झाल्यावर पाणी कोणी, कोणत्या दिवशी सोडायचं हे लिहिलं नाही, तर पुढच्या पिढीत भांडण ठरलेलं. पाण्याच्या पाळीचं एक कलम मराठीत आईच्या तोंडून लिहून घेतलं आणि मग त्याचं इंग्रजी केलं. दस्तातलं तेवढं एकच कलम घरातल्या सगळ्यांना वाचल्याबरोबर समजलं.

मी स्वतः आणखी एक काम केलं. अंतिम दस्तांचा मराठी सारांश चार पानांत लिहिला, प्रत्येक पानावर 'हा कायदेशीर कागद नाही, मूळ दस्त इंग्रजीत आहे' अशी ओळ घालून. 'अर्धेली' कुठेही नाही. 'हक्कसोड' नाही. जिथे एका शब्दात सांगता येईना तिथे अख्खं वाक्य लिहिलं : 'आई या मिळकतीच्या अर्ध्या भागाची लग्नापासून मालकीण आहे.' शब्द लांबला तरी चालतो, हे मला चाळीस वर्षं मराठी शिकवूनही त्या ओसरीवर नव्याने कळलं.

निष्पत्ती

थोरल्याला कर्ज मिळालं. कागदांवर आई, तो आणि वहिनी अशा तिघांच्या सह्या आहेत. ताईचा तुकडा सर्व्हेच्या नकाशात वेगळा पडायला महसूल खात्यात निराळा अर्ज करावा लागला, ते काम चालू आहे. सुपारी तोवर थोरलाच काढतो आणि तिला हिशेब देतो.

आईने मृत्युपत्र केलेलं नाही. आपल्या मोकळ्या तीन सुपाऱ्यांचं काय करायचं, यावर तिने विद्यार्थिनीला दोनदा प्रश्न विचारले, आणि मग म्हणाली की सध्या त्या तिच्याकडेच राहू देत. थोरल्याला हे थोडं लागलं. ताईने त्याची समजूत काढली. काहीच केलं नाही तर आईच्या सहा तिघांत दोन-दोन अशा जातील, हे सगळ्यांना आता माहीत आहे, आणि माझ्या दृष्टीने एवढं झालं की माझं काम संपतं. आईने काय करावं हे सांगणं माझ्याकडे येत नाही.

पुन्हा असा कागद आला तर

पहिल्याच भेटीत मी तीन प्रश्न विचारीन : माणूस कोणत्या वर्षी वारला, लग्न कुठे आणि कोणत्या कराराने झालं, आणि गोव्याबाहेर काही आहे का. ही तीन उत्तरं हातात नसताना कुठल्याही शब्दाला प्रतिशब्द देणार नाही. या प्रकरणात तिसरा प्रश्न मी विचारलाच नव्हता. डोंबिवलीचा विषय ताईच्या बोलण्यात सहज निघाला म्हणून कळला.

शब्द लिहून देण्याआधी तो त्या घरात कशाची आठवण काढतो, हे विचारून घेईन. कायद्याचा कोश बघून हे कळत नाही.

आणि वकिलाला उशिरा आणलं. अर्थ सांगणं आणि सल्ला देणं यातली रेघ माझ्यासाठी स्पष्ट होती, पण ताईसाठी नव्हती. 'सगळंच सुटतं, परत मिळत नाही' असं मी म्हणाले तेव्हा तिने ते 'सही करू नको' असंच ऐकलं. ती रेघ माझ्या एकटीच्या मनात असून उपयोग नाही. सोबत वकील असती तर ती पहिल्या दिवशीच दिसली असती.

एक मत माझं आहे आणि ते लपवत नाही. वारसा नाकारण्याच्या दस्तावर सही घेताना, सही करणाऱ्याला समजेल अशा भाषेत चार ओळी वाचून दाखवल्या जायला हव्यात, मराठीत किंवा कोकणीत : यात काय काय जातं, कोणाकडे जातं, परत येत नाही. 'नाव कमी करायची सही' असं सांगून घेतलेल्या सह्या मी वाचनालयात पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक बायकांच्या आहेत.

डोंबिवलीचं अजून अडलेलं आहे. धाकटा वाटणीच्या दस्ताची प्रमाणित प्रत घेऊन गृहनिर्माण सोसायटीत गेला, तर सेक्रेटरी म्हणाले की बहिणीचं आणि भावाचं हक्कसोडपत्र आणा, त्याशिवाय नाव लागत नाही. त्यांच्यापुरतं ते बरोबरच बोलत होते, महाराष्ट्रात तसंच चालतं. विद्यार्थिनीने २०१९ च्या निवाड्यातले लागू परिच्छेद काढून दिले आहेत आणि मी सोबत एक पानाचं मराठी टिपण लिहिलं आहे. दिवाळीनंतर तो दोन्ही घेऊन पुन्हा जाणार आहे.